आकडा कुठून आला, एवढं पोरांना विचारा

पुण्यातल्या कॉमर्स, बीबीए आणि एमबीए कॉलेजांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि अभ्यास मंडळांवर काम करणारे सगळे सर आणि मॅडम यांना,

सप्रेम नमस्कार.

मी सदाशिव पेठेत हिशेबाचं आणि टॅक्सचं छोटं ऑफिस चालवते, पाच माणसांचं, आणि आठवड्यातनं दोन दिवस एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं आणि एक्सेलचं प्रॅक्टिकल घेते. म्हणजे सकाळी जी पोरं लॅबमध्ये माझ्यासमोर बसतात तशीच पोरं दुपारी माझ्याकडे नोकरी मागायला येतात, आणि या दोन्हीच्या मध्ये काय राहून जातंय ते मला रोज दिसतं, म्हणून आज शेवटी लिहायला बसले.

जानेवारीतली गोष्ट आहे. टीवायबीकॉमची एक मुलगी माझ्याकडे ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, आली. हुशार, चटपटीत, कीबोर्डवर हात असा चालतो की बघत राहावं, एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, माऊसला हात लावायची गरजच नाही. रविवार पेठेत पॅकिंग मटेरियलचं दुकान असलेल्या एका क्लायंटचा ऑक्टोबर महिना तिच्याकडे दिला. तिने बँकेचं स्टेटमेंट इम्पोर्ट केलं, बिलं टाकली आणि दोन दिवसांत नफातोटा आणि ताळेबंद छापून, फाइलला टॅग लावून माझ्या टेबलावर आणून ठेवला. दोन्ही बाजू जुळलेल्या. मी आपली सवयीने रोकड खातं उघडून बघितलं तर १४ ऑक्टोबरला शिल्लक उणे १८,४५० रुपये.

मी म्हटलं, अगं, गल्ल्यात उणे अठरा हजार कसे असतील?

ती स्क्रीनकडे बघायला लागली, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "मॅडम, पण सिस्टीमनेच तसं दाखवलंय. आणि बॅलन्स शीट टॅली होतेय ना."

मला तिचा राग नाही आला, खरंच नाही आला, पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. तीन वर्षं ही मुलगी अकाउंट्स शिकतेय, फर्स्ट क्लास आहे, आणि रोकड म्हणजे लाकडी गल्ल्यातल्या खऱ्या नोटा हे तिला आजपर्यंत कुणी दाखवलेलंच नाही. तिच्यासाठी कॅश म्हणजे स्क्रीनवरची एक ओळ, ओळीच्या पुढे आकडा असतो, तो अधिक असेल नाहीतर उणे असेल, त्यात काय एवढं.

दुसऱ्या दिवशी मी तिला दुकानात पाठवलं. सॉफ्टवेअर बंद ठेव म्हटलं, फक्त वही घेऊन जा आणि मालक काकांच्या शेजारी बस. काकांनी तिला गल्ल्याशेजारी स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि आपला रोजमेळ, म्हणजे रोजच्या रोखीची वही, उघडून दाखवला. आता त्यांचा रोजमेळ म्हणजे पोरांच्या शाळेच्या वहीचे उरलेले कोरे कागद शिवलेले, पण एक दिवस चुकलेला नाही. १४ तारखेला सकाळची शिल्लक ६,५५०. दिवाळीच्या आधीचे दिवस, माल आलेला, टेम्पोवाले, हमाली, दुकानातल्या माणसांची उचल असे मिळून दिवसभरात २५,००० रुपये रोख गेले. आणि त्याच दिवशी सकाळी बँकेतनं ३०,००० काढून आणलेले. बँकेच्या स्टेटमेंटवर त्या ३०,००० पुढे एकच शब्द होता, सेल्फ, म्हणजे खातेदाराने स्वतःच काढलेली रोकड. सॉफ्टवेअरने सेल्फ बघून तो चेक मालकाच्या घरखर्चात सुचवला, मुलीने एंटर दाबलं, पैसे कागदावर काकांच्या घरी गेले आणि इकडे गल्ला उणे झाला. ताळेबंद जुळतच होता, कारण चूक दोन्ही बाजूंनी सारखी बसली होती. ती एंट्री काँट्राला, म्हणजे बँकेतनं आपल्याच गल्ल्यात आलेले पैसे म्हणून, टाकल्यावर शिल्लक आली ११,५५०, काकांच्या वहीत होती तेवढीच.

संध्याकाळी ती ऑफिसला आली तेव्हा वेगळीच मुलगी होती. बसायच्या आधीच बोलायला लागली. मला म्हणते, मॅडम, मी काकांना विचारलं की त्या २५,००० मध्ये एकाच माणसाला एका दिवशी १०,००० च्या वर रोख दिलेत का, कारण मग तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत ना, आम्हाला पेपरला होतं ते. पेपरला होतं! म्हणजे नियम तिला ठाऊक होता, मार्कही मिळाले असतील, फक्त तो नियम अशा टेम्पोवाल्यांसाठी, अशा गल्ल्यासाठी केलेला आहे हे त्या स्टुलावर बसल्यावर कळलं. (टेम्पोवाल्यांना मर्यादा जास्त आहे, ३५,००० पर्यंत, ते तिला मी सांगितलं आणि तिने लगेच वहीत लिहून घेतलं.)

सर, मॅडम, मला या पत्रात एवढंच म्हणायचंय, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे. कॉम्प्युटर आता उत्तर काढून देतो, रिपोर्ट लिहून देतो, चार्ट काढून देतो. मग आपण पोरांना मार्क कशाचे देतोय? जे मशीनने केलं त्याचे मार्क देणं थांबवा आणि हा आकडा कुठून आला हे सांगता येतं का, त्याचे मार्क द्या.

मी १९९९ साली बीकॉम झाले आणि नारायण पेठेतल्या एका सरांकडे कामाला लागले. त्यांच्याकडे तेव्हा कीर्द-खतावणी हातानेच, लाल कापडी बांधणीच्या लांब वह्या, आणि महिनाअखेर आली की तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा, काढायची. तेरीज जुळल्याशिवाय घरी जायचं नाही असा रिवाजच होता. एकदा ९० रुपयांचा फरक रात्री साडेनऊ वाजले तरी सापडेना. सर म्हणाले, फरकाला नऊने भाग जातो का बघ, जातोय ना, मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. आणि खरंच एका खात्यात ५४० चे ४५० झाले होते. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे लिहिले की फरकाला नऊने भाग जाणारच, हे त्या रात्री डोक्यात बसलं ते बसलंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तो फरक शोधता शोधता मी त्या दुकानाचं प्रत्येक खातं तीन-तीनदा वाचलं होतं, कुणाचं देणं थकलंय, कोण दर शनिवारी पैसे नेतो, कुठला माल कधी परत गेला, सगळं तोंडपाठ झालं. तो धंदा मला कळला तो तिथे.

मग सरांनी टॅली घेतलं आणि ते शोधणं संपलं. बेरीज चुकतच नाही तर शोधणार काय. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, उलट मी टॅलीची ऋणी आहे, माझी मुलगी लहान असताना मी वेळेवर घरी जाऊ शकले ती त्याच्यामुळे. हाताने वह्या लिहायला लावा असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण शोधता शोधता जे कळायचं ते कळायची जागाच गेली आणि तिच्या बदल्यात आपण कॉलेजात दुसरं काहीच आणलं नाही, लॅब बांधल्या, प्रोजेक्टर लावले, ऑनलाइन धडे आणि असाइनमेंटसाठी एलएमएस आणलं, आणि पोरांना विचारायचे प्रश्न तेच ठेवले.

आणि ही मशीनं कुठनं आली ते बघा ना. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता, सर फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडत होते, एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून परत लिहायचे. त्याला वाटलं हे आपोआप बदललं तर? मित्राला, बॉब फ्रँकस्टनला घेऊन त्याने ते करून दाखवलं आणि १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क बाजारात आलं, पहिलं स्प्रेडशीट म्हणतात ते, आज आपण एक्सेल वापरतो त्याचं मूळ तिथे आहे. आपल्याकडचं टॅलीही तसंच, श्यामसुंदर गोएंकांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांच्या मुलाने, भरत गोएंकांनी ते लिहिलं, १९८६ चं आहे ते. या सगळ्यांना तो तक्ता, तो हिशेब आतून-बाहेरून माहीत होता, कुठला आकडा कुठल्यावर अवलंबून आहे हे माहीत होतं म्हणूनच ते मशीनला सांगता आलं. आपली पोरं उलट्या टोकाने येतायत, हातात मशीन आधी आलंय आणि आतलं काही बघितलेलं नाही. त्यात त्यांचा काय दोष, त्यांना आत नेण्याचं काम आपलं आहे.

आता लॅबचं सांगते, कारण हे कदाचित तुमच्यापर्यंत पोचत नसेल. बऱ्याच लॅबमध्ये टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालतं, लायसन्स नसलं की ते तसं उघडतं, शिकण्यासाठी ते फुकट दिलंय आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या मोडमध्ये व्हाउचरला तारीख फक्त १, २ आणि ३१ टाकता येते. म्हणजे आमची पोरं तीन-तीन वर्षं अशा दुकानाचे हिशेब लिहितात जिथे महिन्यातनं तीनच दिवस व्यवहार होतो. १४ तारखेला पैसे कमी पडले आणि १६ ला उधारी आली, मधले दोन दिवस मालकाने काय केलं, हा प्रश्नच त्यांच्या वाट्याला येत नाही. धंदा म्हणजे तर हेच असतं हो, पैसे कधी येतात आणि कधी जातात यातलं अंतर. मी एका सेमिस्टरला माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या महिन्याचा डेटा नावं बदलून एक्सेलमध्ये नेला आणि पोरांना तारखेवार रोकड लिहायला लावली, एकतीसच्या एकतीस दिवस. पहिला आठवडा कंटाळली. मग कुणीतरी मागच्या बाकावरनं ओरडलं, मॅडम, याच्याकडे २२ तारखेला पगाराला पैसेच नाहीयेत! आणि अख्खी लॅब त्या माणसाला वाचवायला लागली, कुणाकडनं वसुली करायची, कुणाचं पेमेंट पुढे ढकलायचं. तास संपल्याची बेल झाली तरी उठेनात.

प्रोजेक्ट रिपोर्टबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण तिथे मला सगळ्यात वाईट वाटतं. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, त्याच्या आधीही रिपोर्ट सीनियरच्या पेन ड्राइव्हमधनंच यायचे, झेरॉक्सच्या दुकानात टायटल बदलून स्पायरल व्हायचे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गुगल फॉर्म बनवायचा, वर्गाच्याच व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचा, पन्नास जण भरतात, पाय चार्ट तयार. फरक एवढाच पडला की आता भाषा एकदम गुळगुळीत झालीय आणि साठ रिपोर्ट वाचले की एकच रिपोर्ट साठदा वाचल्यासारखं होतं.

गेल्या वर्षी व्हायवाला एक मुलगा आला. रिपोर्ट छोट्या व्यवसायांच्या डिजिटल मार्केटिंगवर, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही चूक नाही आणि एकही माणूस नाही. मी एक-दोन प्रश्न विचारले, त्याला काहीच सांगता येईना, घाम फुटला बिचाऱ्याला. मग मी सहज विचारलं, घरी काय करतात? तर म्हणाला वडिलांची रसवंती आहे, हडपसरला. मी म्हटलं, बरं, मग मला सांग, एका मोळीतनं किती ग्लास निघतात? आणि तो मुलगा जो बोलायला लागला! ऊस ताजा असेल तर किती आणि दोन दिवसांचा झाला तर किती, बर्फाला कसा खर्च वाढतो, लिंबू महागलं की आई काय करते, क्यूआर कोड लावल्यापासनं सुट्या पैशांची कटकट गेली पण संध्याकाळी रोख हातात कमी राहते आणि ऊसवाल्याला तर रोखच लागते, मग पप्पा शेजारच्या पानवाल्याला यूपीआय करून त्याच्याकडनं रोख घेतात. यूपीआय आल्यावर छोट्या धंद्याच्या खेळत्या भांडवलाचं काय झालं याचं इतकं नेमकं उत्तर मी कुठल्या सेमिनारमध्ये ऐकलेलं नाही. आणि यातलं अक्षरही त्याच्या रिपोर्टमध्ये नव्हतं. मी विचारलं का नाही लिहिलंस हे? तर म्हणाला, मॅडम, हे काय प्रोजेक्टमध्ये लिहायचं असतं का.

सर, त्या पोराला हे कुणी शिकवलं, की त्याला जे येतं ते ज्ञानच नाही आणि जे त्याने कॉपी-पेस्ट केलंय ते ज्ञान आहे? आपणच शिकवलं. आपण फॉरमॅट दिला, चॅप्टर स्कीम दिली, पानांची संख्या दिली आणि त्याला मार्क ठेवले. फॉरमॅट भरून देण्यात मशीन त्याच्यापेक्षा कधीही सरस ठरणार, मग त्याने तरी काय करावं.

माझ्या ऑफिसात काय बदललंय तेही सांगते, म्हणजे ही पोरं बाहेर कशाला सामोरी जाणार आहेत ते कळेल. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मी बिलं टाइप करायला दोन पोरं जास्तीची घेतली होती. आज ते काम जवळजवळ राहिलेलंच नाही. १ ऑगस्ट २०२३ पासनं वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना दुसऱ्या धंदेवाल्याला बिल देताना ई-इन्व्हॉइस लागतं, ते बिल आधी सरकारी पोर्टलवर जातं आणि तिथनं डेटा आपोआप पुढे सरकतो. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी हे पत्रक पोर्टलवर तयार होऊन पडतं, आपल्या क्लायंटला कुणी काय विकलं ते त्यात असतं, आणि विकणाऱ्याने स्वतःच्या रिटर्नमध्ये आपलं बिल दाखवलंच नसेल तर आपल्या क्लायंटला त्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, पैसे खिशातनं भरावे लागतात. तेव्हा मला आता टाइप करणारं माणूस नको असतं. मला असं माणूस लागतं की जे २बी आणि खरेदीची वही समोर ठेवून फरक काढेल (फरक सॉफ्टवेअर काढतं), आणि मग फोन उचलून भोसरीच्या त्या सप्लायरला विचारेल की दादा, आमचं तीन नंबरचं बिल तुमच्या रिटर्नमध्ये का नाही, आणि त्याने थातुरमातुर उत्तर दिलं तर ते थातुरमातुर आहे हे ओळखेल. फोन उचलायला पोरं घाबरतात. टीवायला पंच्याऐंशी टक्के मिळालेली पोरं फोन उचलायला घाबरतात, कारण तीन वर्षांत त्यांना एकाही व्यापाऱ्याशी बोलायला आपण पाठवलं नाही, आणि तेही पुण्यात, जिथे कॉलेजच्या गेटपासून पायी दहा मिनिटांत लक्ष्मी रोड लागतो, बोहरी आळी लागते.

टेक्नॉलॉजीने पोरांचं भलं केलंच नाही असं मी म्हणत नाहीये, तसं म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. माझ्या लॅबमध्ये एक मुलगी वेल्ह्याकडनं येते, बसमध्ये दोन-दोन तास जातात, ती सगळं कॉस्टिंग त्या बसमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलीय, परत परत मागे घेऊन. आमच्या वेळी कॉस्टिंग कळलं नाही की अप्पा बळवंत चौकात जाऊन गाइड आणायचं नाहीतर महागडा क्लास लावायचा, तिसरा रस्ताच नव्हता. २०१७ पासनं स्वयम् हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, मोठमोठ्या संस्थांतल्या प्राध्यापकांचे कोर्स घरबसल्या फुकट ऐकता येतात आणि त्याचे क्रेडिटही धरता येतात. मराठी माध्यमातनं आलेली पोरं वर्गात हात वर करायला लाजतात ती चॅटजीपीटीला मराठीत विचारतात, डेबिट म्हणजे काय ते दहा वेळा विचारतात आणि ते दहाही वेळा न चिडता सांगतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि मला ते बघून भरून आलं. म्हणूनच तर म्हणते, समजावून सांगायचं निम्मं काम मशीनने उचललं असेल तर आपला वर्गातला वेळ मोकळा झालाय, तो वेळ पोरांना दुकानात नेण्यात, त्यांच्यासमोर बसून विचारण्यात घाला.

चूक शोधायला लावण्यातनं काय होऊ शकतं त्याचं एक उदाहरण मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅम्हर्स्ट कॅम्पसला थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी होता. वर्गातली असाइनमेंट होती की छापून आलेला एखादा नावाजलेला पेपर घ्या आणि त्यातले आकडे स्वतः परत काढून दाखवा. त्याने हार्वर्डच्या कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या मोठ्या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा पेपर घेतला, देशावर कर्ज फार झालं की वाढ खुंटते असं सांगणारा, ज्याचा दाखला तेव्हा देशोदेशीचे राजकारणी देत होते. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडनंच एक्सेल फाइल मागवली आणि सरासरीच्या सेलवर क्लिक केलं, तर फॉर्म्युला ओळ ३० ते ४४ घेत होता, घ्यायला हव्या होत्या ३० ते ४९. पाच देश सरासरीतनं बाहेरच राहिले होते. शिवाय काही देशांची काही वर्षं धरलेली नव्हती आणि सरासरी काढायच्या पद्धतीवरही त्याचा आक्षेप होता. सगळं धरून त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडलं की जास्त कर्ज असलेल्या देशांची जी सरासरी वाढ उणे ०.१ टक्के सांगितली होती ती २.२ टक्के येते. आमच्या लॅबमधल्या कुठल्याही पोराला जी एक्सेल येते तीच एक्सेल, तेच क्लिक. फक्त त्याच्या सरांनी त्याला आकडा तपासायला लावलं होतं.

तर मागणी काय आहे माझी. खर्चाचं फार काही नाही.

रिपोर्टचे मार्क कमी करा, अगदी नावापुरते ठेवा, आणि व्हायवाचे वाढवा, आणि व्हायवा म्हणजे रिपोर्टमधली व्याख्या म्हणून दाखव असलं नको, त्याचीच फाइल उघडायची, कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कुठून आला, हा दुप्पट झाला तर आणखी कुठले बदलतील, हा खरा आहे हे तू कशावरनं सांगतोस. दहा मिनिटं पुरतात, दहा मिनिटांत कळतं. मला माहीतेय तुम्ही काय म्हणाल, एका डिव्हिजनला १२० पोरं, १२० गुणिले दहा मिनिटं म्हणजे वीस तास, कुठनं आणायचे. पण ते रिपोर्ट वाचण्यात, ते तपासल्याच्या सह्या करण्यात आपले किती तास जातात आणि त्यातनं आपल्याला त्या पोराबद्दल काय कळतं हेही एकदा मोजून बघा. शिवाय आम्ही बाहेरचे आहोत ना, हिशेबनीस, सीए, दुकानदार, बँकेतनं रिटायर झालेली माणसं, या शहरात काय कमी आहेत, सेमिस्टरला दोन दुपारी बोलवा, येतील, मी येईन.

पोरांना काम गुगल शीटमध्ये करायला सांगा आणि व्हर्जन हिस्टरी बघा. कुणी तीन आठवडे थोडं थोडं करत, चुकत, खोडत गेलं आणि कुणी आदल्या रात्री दोन वाजता सगळं एकदम चिकटवलं ते तिथे स्वच्छ दिसतं. धंद्यात तर हे कायद्यानेच आलंय, १ एप्रिल २०२३ पासनं कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहिलीच पाहिजे, ती बंद करता येत नाही. मग जी गोष्ट कंपनीला बंधनकारक आहे ती विद्यार्थ्याला लवकर माहीत झालेली बरी. आणि खोडण्याला मार्क कापू नका, खोडण्याचे मार्क द्या, कारण तिथेच त्याने विचार केलेला असतो.

एआयवर बंदी घालू नका, घालून पाळली जाणारही नाही. मुद्दाम चुका पेरलेले हिशेब द्या, त्यात एक सेल्फचा चेक ठेवा, एक बिल दोनदा टाका, एक मशीन दुरुस्तीचा खर्च मालमत्तेत टाका, आणि म्हणा की एआय वापर, काय हवं ते वापर, पण मला चूक दाखव आणि ती चूक का आहे ते दुकानदाराला समजेल अशा मराठीत सांग. मी करून बघितलंय. एआय काही चुका बरोबर धरतं आणि काही ठिकाणी चांगल्या एंट्रीला चूक म्हणतं, तेव्हा पोरं त्याच्याशी भांडतात, आणि भांडता भांडता त्यांना अकाउंट्स यायला लागतं.

आणि ओजेटी. नव्या शैक्षणिक धोरणात ओजेटी आणि फील्ड प्रोजेक्ट आलेत, मला इतका आनंद झाला होता ते वाचून. पण स्वतःच्या काकाच्या कंपनीचं लेटरहेड, मामाच्या दुकानाचा शिक्का, एवढ्यावर जर सर्टिफिकेट मिळत असेल तर ओजेटी पण वाया गेली. सर्टिफिकेट मागू नका, रोजमेळ मागा. ज्या दुकानात गेला त्या दुकानाचे सलग तीस दिवस, हाताने लिहिलेले नाहीतर मोबाइलवर, कसेही, पण मालकासमोर बसून लिहिलेले, आणि मालकाची त्यावर सही.

माझ्या बाजूने मी तयारी करून ठेवलीय. रविवार पेठेतले ते पॅकिंगवाले काका, मार्केट यार्डातला एक भुसार व्यापारी, कोथरूडचं एक मेडिकल आणि भोसरीतलं सहा माणसांचं एक वर्कशॉप, या चौघांशी मी बोललेय, जुलैपासनं प्रत्येकी दोन पोरं घ्यायला ते तयार आहेत, पैसे मागत नाहीत, मार्केट यार्डवाल्यांची फक्त एक अट आहे की पोरगं सकाळी लवकर आलं पाहिजे आणि मोबाइल खिशात राहिला पाहिजे. आठ जागा आहेत, ज्या कॉलेजला हव्यात त्यांनी माझ्याशी बोलावं. जानेवारीतल्या त्या मुलीला मी कायम ठेवून घेतलंय, परीक्षा झाली की ती रुजू होईल, आणि पहिल्या दिवशी या पोरांना दुकानात घेऊन जाऊन गल्ल्याशेजारी बसवायचं काम तिचं.

आपली,
सदाशिव पेठेतली एक हिशेबनीस